चंदरचा ब्लॉक

गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक घेऊन चंदर रोह्याच्या वर्कशॉपात गेला, तर मशीनवर दर्शनाताई. म्हणाली, "आधी नवे पिस्टन आण. ते मोजल्याशिवाय मी सिलिंडरचं भोक बोअर करून मोठं करणार नाय."

चंदरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काम येत नाय तर तसं सांग ना! बाईमाणसाला काय कळतंय यातलं?" ब्लॉक उचलून त्याने तडक पेण गाठलं. तिथल्या शेठने एक अक्षर न विचारता दोन तासांत बोअर करून दिला.

दुसऱ्या दिवशी आणलेले नवे पिस्टन त्यात सैल पडले. ब्लॉक वाया! चंदर शिव्या घालतच शेठच्या अंगावर धावून गेला.

शेठ हात पुसत म्हणाला, "पिस्टन आधी आणायचे असतात रे. एवढं साधं तुला कुणी सांगितलं नाय?"