तिसरी सुई

स्टुलावर ग्लुकोमीटर होता. डबीत सहा पट्ट्या. इन्सुलिनची बाटली निम्मी. बोट टोचायच्या सुया चार आणि कापसाचा एक बोळा. मोबाइलच्या पडद्यावर मायाने एवढं मोजून पाहिलं. मागे कॉटवर रखमाकाकी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"सकाळपासून उठली नाय," शंकरकाका म्हणाले. रात्रभर बायको पाणी-पाणी करत होती, आता हाक मारली तर नुसतं हुं म्हणते, असंही त्यांनी सांगितलं.

लॉकडाऊन लागला आणि उल्हासनगरच्या दवाखान्यातली मधुमेहाची ओपीडी बंद झाली. तेव्हापासून सिस्टर माया तिथल्या पेशंटना फोनवरच सांभाळत होती. त्यांत बुवापाड्याचे शंकरकाका सगळ्यात शिस्तीचे. बायकोला दोन वेळा इन्सुलिन टोचायचे आणि रोज सकाळी फोनवर निकाल सांगायचे, "एकशे दहा, ताई. फर्स्ट क्लास पास." बाकीच्यांना ती त्यांचंच उदाहरण द्यायची. आकडे असे चांगले येत राहिले, तसा डॉक्टरांना विचारून तिने डोस उतरवत आणला. बावीस युनिटचे सोळा, सोळाचे दहा.

आजचा आकडा एकशे चार होता. म्हणजे साखरेचा त्रास नव्हे. मग तोच आजार असणार, कोविड सेंटरची गाडी बोलवावी लागेल, असं ती म्हणाली आणि काकांचा चेहरा उतरला. त्या गाडीतून गेलेला शेजारचा हिरामण परत आला नव्हता.

शुगर पुन्हा एकदा बघू का, असं त्यांनी विचारलं.

"बघा. माझ्यासमोर बघा."

आजवर नुसतं बोलणंच व्हायचं, व्हिडिओ पहिल्यांदाच लावला होता. काकांनी साबणाने हात धुतले, कोरडे केले, मीटरला पट्टी लावली. सुई उचलली आणि स्वतःच्या करंगळीत टोचली. त्यांच्या दहाही बोटांच्या टोकांवर काळे ठिपके होते.

"काका, हे काय करताय?"

"तिला पोटात दोनदा टोचतो ना ताई. लय घाबरते सुईला. मग तिसरी मी घेतो."

मग त्यांनीच समजावलं, "एका ताटात जेवतो आम्ही. चहापण एका टोपातला. तिचं-माझं वेगळं कुठून येणार?"

बोट टोचा, थेंब लावा, आकडा सांगा. तिने शिकवलं होतं ते एवढंच. कुणाचं बोट, हे सांगायची गरज तिला वाटली नव्हती.

"काकींचं बोट घ्या," ती म्हणाली. "आत्ता."

काकांनी नवीन पट्टी लावली. कॉटवरचा हात उचलून मांडीवर घेतला, डोळे मिटून सुई टोचली. रखमाकाकींनी हात मागे घेतला नाही.

मीटर पाचापासून उलटा मोजत खाली आला.

पाचशे अडतीस.