सत्तरपैकी एक

“सत्तरपैकी एक!” अर्विन इतका हसला की हातातली कॉफी टेबलावर सांडली.

नाणी पारखून गुण देणाऱ्या कंपनीकडून आलेलं पाकीट त्यानं नुकतंच उघडलं होतं. आत प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत बर्नाडीनचं अर्ध्या डॉलरचं नाणं होतं. लग्न ठरलं तेव्हा त्यानंच तिला दिलेलं. टांकसाळीनं संग्राहकांसाठी खास पाडलेलं, आरशासारखं लखलखीत प्रूफ नाणं. या बाईनं ते पन्नास वर्षं ॲप्रनच्या खिशात बाळगलं. केक ओव्हनमध्ये गेला की अंगठ्यानं घासायचं. मुलगा बर्फातून गाडी घेऊन यायचा असला की घासायचं. ग्रीन बेच्या फुटबॉल संघाचा सामना अटीतटीला आला की मग तर विचारूच नका. नाण्यावरचा चेहरा गेला, मागचा गरुड गेला. राहिली फक्त चकती आणि टांकसाळीची पुसट खूण. तिच्यावरून हे एके काळी प्रूफ होतं एवढं तरी पारख्यांना कळलं.

“गाढवाला गुळाची चव काय!” अर्विन म्हणाला. पन्नास वर्षं तो हेच म्हणत आला होता.

त्याची स्वतःची नाणी तळघरातल्या तिजोरीत होती. हातमोजे घातल्याशिवाय तो डबीलाही शिवत नसे. सगळी अडुसष्ट, एकोणसत्तर गुणांची, आणि एक पूर्ण सत्तर. संग्राहकांच्या जागतिक यादीत एकदा तरी पहिलं यावं, हा एकच ध्यास. तीस वर्षं खपूनही गाडी एकेचाळिसाव्या नंबरावर अडकली होती. बायकोचं नाणं त्यानं पाठवलं ते निव्वळ तिची जिरवायला.

मग त्यानं सोबतचं पत्र वाचलं आणि त्याचं हसू मावळलं. शौकिनांची सर्वांत झिजलेल्या नाण्यांचीही एक यादी असते. तिच्याकडे बघून तो आजवर नाक मुरडत आला होता. त्या यादीत बर्नाडीन जगात पहिली आली होती.

अर्विनच्या पोटात दुखलं. खरंच दुखलं. पण दुसऱ्याच क्षणी त्यानं तिला मिठी मारली.

“बर्नी, जगात पहिली आलीस!”

“छान. आता हातोडी आण.”

“कशाला?”

“डबी फोडायला. तीन आठवडे खिसा रिकामा आहे माझा.”

“अगं, सील फोडलंस तर गुण रद्द, नंबर जाईल!”

“मग नंबर काय खिशात घालून फिरू?”

ती हसत होती, पण तिचा अंगठा रिकाम्या खिशाचं कापड चोळत होता. गेले तीन आठवडे हेच चाललं असणार. अर्विनला ते आत्ता दिसलं.

तो तळघरात गेला. वर आला तेव्हा त्याच्या एका हातात हातोडी होती आणि दुसऱ्या हातात ते एकुलतं एक सत्तर. बर्नाडीन “अरे, अरे” म्हणेपर्यंत त्यानं त्या सत्तरच्या डबीवर घाव घातला. ते नाणं आयुष्यात पहिल्यांदा उघड्या बोटांनी उचललं आणि तिच्या खिशात टाकलं.

“तेव्हा अंगठीला पैसे नव्हते, म्हणून नाणं दिलं होतं,” तो म्हणाला. “हे निवडून देतोय. घास!”