भरणी

आमचे अण्णा देवळालीच्या यात्रेसाठी शोभेच्या दारूचे गोळे बनवायचे. कागदाच्या जाड नळ्या वळायच्या, खळ लावायची, वरून सुतळी आवळायची, हे सगळं माझ्याकडे. पण आत दारू भरायची वेळ आली की अण्णा मला खोलीबाहेर काढायचे आणि आतून कडी लावायचे.

"भरणी पोरीला दाखवायची नसती, उज्वला. उद्या तू दुसऱ्याच्या घरी जाशील, तुझ्यासंगं आपली विद्याबी जाईल."

राग यायचा, पण पटायचंही.

अठ्ठ्याण्णव साली मला घोटीला दिलं. त्यांचाही धंदा हाच. हुंडा नको, मानपान नको, नुसती पोरगी द्या म्हणाले. अख्ख्या भावकीत सासरचं नाव झालं. मी तर मैत्रिणींना बोलावून बोलावून सांगायचे, येडी कुठली!

सासरच्या पहिल्याच यात्रेत नवऱ्याचा गोळा वर गेला. आधी जांभळा फुलला, आणि तो विझता विझता त्यातून चांदीची झिरमिर सावकाश खाली उतरत राहिली. असा गोळा सगळ्या तालुक्यात फक्त माझ्या अण्णांचा फुटायचा. लोक टाळ्या वाजवत होते. मी नवऱ्याकडे बघत राहिले.



तो हसला. "साखरपुड्याच्या आधीच अण्णांनी समोर बसवून शिकवली भरणी. नायतर फुकट कोण पोरगी करतंय?"