विषय क्रमांक एक

नगरपालिकेच्या सभेत पहिला विषय कायम श्रद्धांजलीचा. सगळे दोन मिनिटं उभे राहायचे आणि वेळ संपली की शिपाईमामा टेबलावरची घंटी वाजवायचे. पण अर्ध्या मिनिटातच कोणीतरी कुजबुजायचं, "उरका मामा, गेलेल्याला कुठे घड्याळ असतं!" मामाही हसून घंटी दाबायचे आणि सभा गटारांकडे वळायची.

आज यादीत एकच नाव होतं, मामांच्या लेकीचं. दोन मिनिटं झाली, पाच झाली. मामांचा हात घंटीवर तसाच. सगळे उभेच.

शेवटी नगराध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "मामा, वाजवा आता."

 

"वाजवली की तुम्ही लगेच पुढचा विषय घ्याल ना, बाई."