पहिली गोळी

दहा वर्षं आशा सेविका पार्वताबाई सोनगीरच्या शाळेत जंताच्या गोळ्या वाटताना पहिली गोळी स्वतः चावून खायच्या. मगच पोरं तोंड उघडायची. यंदा त्या डोक्याला रुमाल बांधून आल्या. पोटात कॅन्सरची गाठ होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी अजून चाचणीत असलेलं इंजेक्शन सुचवलं, तेव्हा सही करण्याआधी त्यांनी विचारलं होतं, "यामा काय शे?" "जंताच्या अंगातून काढलेलं द्रव्य. ते टोचलं, की शरीराला वाटतं जंत शिरला. मग झोपलेली प्रतिकारशक्ती उठते आणि गाठीवरही तुटून पडते. खात्री मात्र देत नाही." पार्वताबाईंनी सही केली. तीन इंजेक्शनांनंतर गाठ थोडी आक्रसली. आता वर्गात पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली होती. त्यांनी डबी उघडली, पहिली गोळी शेजारच्या तरुण शिक्षिकेपुढे धरली. "यंदा तू खाय, शिल्पा. मी त्या जंतासनं मीठ खादं शे."