मोराव्हियाला पाठवायचा फोटो

“गाय अजून पुढे घ्या,” फोटोवाला काळ्या कापडाखालून ओरडला. “नुसती शेपटी येतेय.”

“तिच्यात बघण्यासारखं तेवढंच आहे,” सिप्रियान म्हणाला. तरी त्याने गाईला ओढत दारापर्यंत आणलं.

नेब्रास्काच्या त्या माळावर लाकूड मिळत नसे. गवताच्या मुळांसकट माती कापायची, तिच्या विटा रचायच्या, की झालं घर. सिप्रियानने त्या घरातलं होतं नव्हतं ते अंगणात आणून मांडलं होतं. टेबल, शिवणयंत्र, टेबलावर कापून ठेवलेलं कलिंगड. फोटो समुद्रापलीकडे, मायदेशी मोराव्हियाला त्याच्या आईकडे जायचा होता. आपला मुलगा अमेरिकेत उपाशी आहे, हे त्या म्हातारीच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हतं.

“बाबा, कलिंगड काश्परकाकांचं आहे,” अपोलेना म्हणाली.

“फोटोत नाव दिसतं का कुणाचं? आणि तू जरा हस. आजीला वाटेल, मी तुला मारतो.”

ती हसली नाही. ऊन डोक्यावर आलं होतं आणि चुलीवरचे बटाटे करपत होते.

“बरा दिसतोय का मी?” सिप्रियानने विचारलं.

“तुम्ही आधी गप्प उभे राहा,” अपोलेना म्हणाली.

फोटो तयार होऊन आला तेव्हा कळलं, की गाईने मान हलवली होती. तिला दोन तोंडं आली होती. सिप्रियान मात्र अगदी स्वच्छ आला होता. पण तो बघायला सिप्रियान नव्हता. फोटोच्या दुसऱ्याच दिवशी तो शेताच्या कुंपणाची तार ताणत असताना वीज पडली. पडली लांब, ढगही लांबच होते. पण ती तारेतून धावत त्याच्या हातांपर्यंत आली.

अपोलेना मोराव्हियाला कळवणार, तेवढ्यात तिकडूनच तेक्लाआत्याचं पत्र आलं. आजीने अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की तिला कसलाही धक्का सोसणार नाही. ‘दादाचा फोटो लवकर पाठव,’ आत्याने लिहिलं होतं. ‘तेवढ्याच आशेवर आहे ती.’

अपोलेनाने फोटो पाठवला. बाकी काही लिहिलं नाही.

आजी उठून बसल्याचं आत्याने कळवलं. मग पुढच्या वर्षी पुन्हा फोटो मागितला.

आसपास सगळी त्याच मुलखातून आलेली माणसं. इथली बातमी तिथल्या गावात पोचायला वेळ लागत नसे. म्हणून अपोलेनाने पाद्रीबाबांचे पाय धरले. इथल्या चेक भाषेतल्या वर्तमानपत्रात सिप्रियानच्या मृत्यूची बातमी छापली नाही. दफनभूमीत त्याचा क्रूस बिननावाचा राहिला. तिने शोकाचे काळे कपडे घातले नाहीत. फार भरून आलं, की ती गोठ्यात जाऊन बसे आणि तोंड धुऊन बाहेर येई. आजी आहे तोवर, असं ती स्वतःला सांगे. आजी गेली, की बाबांच्या क्रूसावर नाव कोरायचं.

आणि आजी जगत राहिली.

दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या फोटोवाल्याची गाडी येई. शेजारचा काश्पर सिप्रियानच्याच उंचीचा. तो सिप्रियानचा कोट चढवून दारात उभा राही. यंदाही उभा होता.

“हॅट खाली ओढा, काका.”

“अजून किती? नाकावर आली.”

“सूर्याकडे पाठ करा. तोंडावर सावली हवी. आणि हात खिशात. बाबांचे हात असे नव्हते.”

“सात वर्षं झाली, पोरी. म्हातारी काही मनावर घेत नाही. मी आता तुझा बाप म्हणूनच मरणार.”

“बोलू नका. तोंड हलतं.”

फोटोवाला कॅमेऱ्यात फोटोची काच बसवत होता, तेव्हा टपालवाला आला. मोराव्हियाचं पाकीट होतं, जाड. अपोलेनाने ते उभ्याउभ्याच फोडलं आणि तिच्या तोंडून आनंदाने आवाज फुटला. आजीचा फोटो! किती वर्षं अपोलेना तो मागत होती. आत्याने सोबत दोनच ओळी लिहिल्या होत्या: ‘आईने खास तुमच्यासाठी काढून घेतला. दादाला सांग, ती ठणठणीत आहे.’

“आण इकडे, मलाही बघू दे माझी आई,” काश्पर म्हणाला.

अपोलेना फोटो बघत राहिली. अंगण होतं, दोन बदकं होती, बाकावर आजी होती. तिचा रुमाल भुवयांच्या खालपर्यंत ओढलेला. ऊन पाठीमागून येत होतं, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी नुसती सावली. दोन्ही हात ॲप्रनखाली. एवढं सगळं झाकूनही हनुवटीखाली रुमालाची गाठ जराशी सरकली होती. तिथे गळा दिसत होता. भरलेला, एकही सुरकुती नसलेला गळा.

“काय गं? कशी आहे म्हातारी?”

“ही तेक्लाआत्या आहे,” अपोलेना म्हणाली.

काश्परला काही कळलं नाही. “मग म्हातारी कुठेय?”

अपोलेना त्याच्याजवळ गेली आणि कोटाची बटणं एकेक करून काढू लागली. फोटोवाला कापडाखालून ओरडला, “अहो बाई, बाजूला व्हा! तुमच्या बाबांना जरा स्थिर उभं राहू द्या.”

“बाबा गेले,” अपोलेना मोठ्याने म्हणाली.