एल्फ मोठे कधी होतात

पात्रं घेऊन खेळायच्या खेळांची तीन जाडजूड नियमपुस्तकं लेकीपुढे उघडी होती. आई मागे बसून तिच्या दोन वेण्या घालत होती, कानांची टोकं झाकली जातील अशा बेताने.

“आई, हे टोकदार कानांचे एल्फ सगळीकडे एकसारखे नसतात गं. या खेळात रानातले वेगळे, समुद्रातले वेगळे, जमिनीखालच्यांना तर ऊनच सोसत नाही.”

“ते राहू दे. मोठे कधी होतात तेवढं बघ.”

“यात रानातले शंभराव्या वर्षी. तोवर सगळी पोरंच.” लेकीने दुसरं पुस्तक ओढलं. “यात मात्र माणसांसारखेच, विसाव्या वर्षापर्यंत वाढतात.”

“आणि तिसऱ्यात?”

“तिसऱ्यात लिहिलेलंच नाही.”

आईने वेणी जरा जास्तच आवळली. “मग आपण आपलं ते दुसरं पुस्तकच धरू या.”

“असं मनाने धरता येत नाही काही. आधी आपण कुठल्या कुळातले ते कळावं लागतं.”

“मग नीट शोध, बाई. माझ्या डोळ्यांदेखत मोठी झालीस म्हणजे मिळवली.”

तेवढ्यात दार ढकलून लेकीचा धाकटा भाऊ ऑफिसातून आला. बॅग कोपऱ्यात टेकवून, दुखरे गुडघे धरत तो तिच्याजवळ फरशीवर बसला. पिकल्या मिशांवरून हात फिरवत त्याने रोजच्यासारखंच हळूच विचारलं,

“ताई, दुधाचा दात हलायला लागला का गं?”